धरती आबाचा अखेरचा उन्हाळा

९ जून १९०० ची सकाळ. रांचीच्या तुरुंगात एका कच्च्या कैद्याने प्राण सोडला. त्याच्यावरील खटल्याचा निकाल लागायचा होता आणि वयाची पंचवीस वर्षेही त्याने पुरी केली नव्हती. पटकीने मृत्यू, अशी नोंद सरकारी दप्तरात झाली. त्याचा देह गावाकडे गेला नाही. रांचीजवळच्या कोकर येथे, एका ओढ्याच्या काठी घाईघाईने त्याच्यावर अंत्यसंस्कार उरकण्यात आले. त्या कैद्याचे नाव बिरसा मुंडा.

देह गावी न जाणे ही मुंडांच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट होती, हे समजण्यासाठी छोटा नागपूरच्या पठारावरील एक रीत ठाऊक असावी लागते. मुंडांच्या जुन्या गावांत एका बाजूला मोठमोठ्या शिळा आडव्या मांडलेल्या दिसतात. त्यांना ससनदिरी म्हणतात. घराण्यातील मृतांच्या अस्थी या शिळांखाली विसावतात. ज्यांच्या पूर्वजांनी प्रथम जंगल तोडून गाव वसवले, त्यांच्याच शिळा तेथे असतात आणि त्या वंशाचाच गावच्या जमिनीवर सामायिक हक्क असतो. या व्यवस्थेचे नाव खुंटकट्टी. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा जे सांगतो, ते मुंडांच्या गावात दगड सांगत असे. मात्र कागद मागणाऱ्या न्यायालयात दगडाची साक्ष चालत नव्हती. बिरसाच्या लढ्याचे मूळ येथे होते.

१५ नोव्हेंबर १८७५ ही बिरसाची जन्मतारीख मानली जाते. आज झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात असलेले उलिहातू हे त्याचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. वडील सुगना, आई करमी. घराण्याला गावाचा वारसा होता, पण पोटाला अन्न नव्हते. सुगना मजुरीच्या आणि अर्धेलीच्या शेतीच्या शोधात गावोगाव फिरला. बिरसाचे बालपण चलकद गावात गेले आणि काही काळ तो मामाच्या घरी अयुबहातूलाही राहिला. रानात शेळ्या-मेंढ्या चारणे, बासरी वाजवणे, भोपळ्याचा तुइला छेडणे हे त्याचे दिवस होते.

सालगा गावच्या लहानशा शाळेत त्याची हुशारी दिसली. पुढे बुर्जूच्या मिशन शाळेतून तो चाईबासाच्या जर्मन मिशनमध्ये दाखल झाला. कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि बिरसाचाही बाप्तिस्मा झाला होता. त्याच काळात मुंडा सरदार जमिनीच्या हक्कासाठी अर्ज-विनंत्या आणि कोर्टकचेऱ्या करीत होते. मिशनऱ्यांकडून मदत मिळेल, ही त्यांची आशा मावळली आणि दोहोंत वितुष्ट आले. १८९० मध्ये बिरसाने चाईबासा सोडले. त्यानंतर बंदगाव येथे एका वैष्णव गृहस्थाच्या सहवासात त्याने काही वर्षे काढली. तुळस, जानवे, शाकाहार यांचा परिचय त्याला तेथे झाला.

तोवर गावांतील परिस्थिती असह्य झाली होती. नागवंशी राजांनी आपल्या मर्जीतील लोकांना गावे जहागीर म्हणून दिली होती. बाहेरून आलेले जमीनदार, ठेकेदार आणि सावकार, मुंडांच्या भाषेत ‘दिकू’, गावाचे मालक बनले. ज्याच्या आज्याने जंगल तोडले, तो स्वतःच्याच शेतात कूळ ठरला. वर वेठबिगार होतीच. त्यातच १८९० च्या दशकात गावालगतची पडीक जमीन आणि जंगल राखीव करण्याचे काम सरकारने सुरू केले. सरपण, चराई आणि कंदमुळे यांवरही बंधने आली.

१८९५ मध्ये वीस वर्षांच्या बिरसाने आपल्याला ईश्वरी साक्षात्कार झाल्याचे सांगितले. एकच देव माना, बळी देऊ नका, दारू सोडा, स्वच्छ राहा, भुताखेतांना आणि चेटकाला भिऊ नका, असा त्याचा उपदेश होता. रोगाच्या साथीत त्याने आजाऱ्यांची सेवा केली. त्याच्या हाताला गुण आहे, ही वार्ता पसरली आणि चलकदकडे माणसांची रीघ लागली. लोक त्याला धरती आबा, म्हणजे पृथ्वीचा पिता, म्हणू लागले. सारा देऊ नका, राणीचे राज्य संपून आपले राज्य येणार आहे, असेही तो सांगू लागला. तेव्हा सरकार सावध झाले. ऑगस्ट १८९५ मध्ये रात्रीच्या वेळी त्याला पकडण्यात आले. दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

१८९७ च्या अखेरीस तो सुटला, तेव्हा मुलूख दुष्काळाने होरपळलेला होता. गावे ओस पडली होती, माणसे आसामच्या चहामळ्यांची वाट धरत होती. बिरसाने आता उपदेशाला संघटनेची जोड दिली. डोंबारी टेकडीवर आणि जंगलात रात्रीच्या सभा होऊ लागल्या. १८९९ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला अनेक ठिकाणी एकाच वेळी बाण सुटले आणि आगी लागल्या. या उठावाला मुंडा ‘उलगुलान’ म्हणतात, म्हणजे प्रचंड उलथापालथ. या उठावात मिशनच्या वास्तू लक्ष्य झाल्या, निरपराध माणसेही भयभीत झाली, हेही नोंदवले पाहिजे. ७ जानेवारी १९०० रोजी जमावाने खुंटीच्या पोलीस ठाण्यावर चाल केली आणि त्यात एक शिपाई मारला गेला.

दोनच दिवसांनी, ९ जानेवारीला, सैल रकब टेकडीवर जमलेल्या मुंडांना फौजेने वेढले. एकीकडे बंदुका, दुसरीकडे धनुष्यबाण, कुऱ्हाडी आणि दगड. मृतांत स्त्रिया आणि मुलेही होती. सरकारी आकडा अगदी लहान होता, लोकांच्या स्मरणात मात्र तो शेकड्यांत आहे. बिरसा तेथून निसटला. त्याच्यावर पाचशे रुपयांचे बक्षीस लागले. ३ फेब्रुवारीला चक्रधरपूरच्या बाजूच्या जंगलात तो झोपेत असताना पकडला गेला. बक्षिसासाठी त्याला धरून देणारे त्याच मुलखातले लोक होते.

रांचीच्या तुरुंगात तो चार महिने जगला. मे महिन्याच्या उत्तरार्धात तो आजारी पडला, मध्यंतरी थोडा सावरला आणि मग अचानक खालावला. त्याच्यावर विषप्रयोग झाला, असा संशय अनुयायांना तेव्हा होता आणि तो अनेकांच्या मनात कायम राहिला. त्याच्या शेकडो साथीदारांवर खटले चालले. काहींना फाशी झाली, काहींना जन्मठेप. कित्येक जण निकालाआधीच कोठडीत दगावले.

उठाव मोडला, पण प्रश्न मोडता आला नाही. सरकारने जमिनींची मोजणी आणि हक्कनोंदणी हाती घेतली. १९०५ मध्ये खुंटी हा स्वतंत्र उपविभाग झाला. १९०८ मध्ये छोटा नागपूर कूळ कायदा आला. त्याने खुंटकट्टीला मान्यता दिली, वेठबिगारीला मनाई केली आणि आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांकडे जाण्यावर निर्बंध घातले. अनेक वर्षांच्या अर्जांनी जे साधले नाही, ते बिरसाच्या मृत्यूनंतर आठ वर्षांत कागदावर उतरले.

पुढे बिरसा सन्मानांचा धनी झाला. महाश्वेतादेवींच्या ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीने तो मुंडा मुलखाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचला. १५ नोव्हेंबर २००० रोजी, त्याच्या जन्मदिनी, झारखंड राज्य अस्तित्वात आले. २०२१ पासून हाच दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून साजरा होतो. तो ज्या तुरुंगात मेला, तेथे संग्रहालय उभे आहे.

पण १९०८ च्या त्याच कायद्यात २०१६ मध्ये बदल करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा झारखंडमधील गावे पुन्हा रस्त्यावर उतरली. राज्यपालांनी विधेयक परत पाठवले आणि २०१७ मध्ये सरकारने ते मागे घेतले. त्याच सुमारास खुंटीच्या गावांच्या वेशीवर नव्या शिळा उभ्या राहू लागल्या. त्यांवर संविधानातील आदिवासींच्या हक्कांची कलमे कोरलेली होती. त्या उभारणाऱ्यांवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले आणि २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय केला.

बिरसाची समाधी आज कोकरला आहे. तेथे फुले वाहिली जातात, भाषणे होतात. मात्र गावच्या ज्या शिळांच्या हक्कासाठी तो लढला, त्यांच्याखाली त्याच्या अस्थी पोहोचल्या नाहीत. आणि आपल्या जमिनीची साक्ष दगडावर कोरून ठेवण्याची गरज त्याच्या लोकांना सव्वाशे वर्षांनंतरही वाटते आहे.