कै. रे. नारायण वामन टिळक

सातारा-सांगलीकडील ख्रिस्ती मंदिरांतून उपासनेच्या वेळीं जीं मराठी गीतें गाइलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळ गीतें एकाच लेखणींतून उतरलेलीं आहेत. 'उपासना-संगीत' चाळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास नारायण वामन टिळक हें नांव परिचयाचें आहे. परंतु ज्या गृहस्थानें हीं गीतें रचिलीं, त्याच्या घरीं अनेकदां उद्यांच्या जेवणाची तरतूद नसे. आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, ज्या वयांत माणूस शिल्लक मोजूं लागतो त्या वयांत, त्यानें आपली ठरलेली मासिक प्राप्ति आपण होऊन सोडली व सातारा शहरीं येऊन राहिला, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असते. ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक व कवितेची आवड असलेली. ती मुलाच्या बालपणींच वारली, आणि तिच्याबरोबर त्या मुलाचें घरहि संपल्यासारखें झालें. तो नाशकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें, थोडें इंग्रजी शिक्षण घेतलें, पण शाळेचा क्रम पुरा झाला नाहीं. पदवी नाहीं, सरकारी नोकरीस लागणारें प्रशस्तिपत्र नाहीं, पाठीशीं वडिलांचा पैसा नाहीं. जवळ होतें तें संस्कृताचें ज्ञान, वक्तृत्व आणि कवित्व. या तीन वस्तु बाजारांत कोणत्या भावानें जातात, हें टिळकांस पुढें चांगलें कळून आलें.

नाशकाजवळ जलालपूर म्हणून गांव आहे. तेथील गोखले घराण्यांतील मनकर्णिका नांवाच्या मुलीशीं १८८० सालीं त्यांचा विवाह झाला. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें महाराष्ट्रास ज्ञात झाल्या. विवाहानंतरचीं पंधरा वर्षें म्हणजे एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्याचा इतिहास आहे. कोठें शाळामास्तर, कोठें छापखान्यांत अक्षरें जुळविणारा, कोठें कीर्तनकार व पुराणिक, कोठें पंडित. नोकरी मिळे आणि जाई. कित्येकदां ती जाण्याचें कारण स्वतः टिळकच असत. अपमान त्यांस सोसवत नसे, एका जागीं चित्त रमत नसे, आणि मनांत कांहीं आलें म्हणजे घरीं न सांगतां ते चालते होत. हातीं पैसा आला तर तो दारीं आलेल्या याचकाच्या हातीं जाण्यास विलंब लागत नसे. त्यांचें औदार्य खरें होतें, परंतु त्या औदार्याची किंमत पुष्कळ वेळां घरांतील चूल भरीत असे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. लक्ष्मीबाईंनींहि तें लपविलेलें नाहीं. 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मवृत्तांत त्यांनीं रिकाम्या घराच्या अनेक हकीकती सांगितल्या आहेत. आणि विशेष हें कीं, त्या वाचतांना वाचकास हंसूं येतें.

नागपुरास अप्पासाहेब बुटी नांवाच्या श्रीमान गृहस्थांनीं संस्कृत ग्रंथांचें काम टिळकांकडे सोंपविलें, तेव्हां कांहीं काळ स्थैर्य आलें. 'ऋषि' नांवाचें मासिकहि त्यांनीं चालविलें. धर्म, जातिभेद, देशाची अवनति यांविषयींचे प्रश्न त्यांच्या मनांत याच काळांत घोळत होते. पुढें १८९३ सालीं राजनांदगांव संस्थानांत जाण्यासाठीं ते आगगाडींत बसले. डब्यांत एक युरोपियन प्रवासी होता. त्यानें टिळकांशीं आदरानें संभाषण केलें, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली, आणि या पुस्तकाचा अभ्यास केल्यास दोन वर्षांच्या आंत आपण ख्रिस्ती व्हाल असें भाकीत करून तो उतरून गेला. त्या माणसाचें नांव टिळकांस कधींच कळलें नाहीं. डोंगरावरील प्रवचन वाचतांच टिळकांचें मन त्या पुस्तकांत गुंतलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंदिरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या दिवशीं त्यांच्या मागें काय राहिलें याची मोजदाद केली पाहिजे. संस्थानांतील चाकरी गेली. जात गेली. आप्तांचीं दारें बंद झालीं. पत्नी लहान दत्तूस घेऊन आपल्या नातलगांच्या आश्रयास राहिली, आणि तिचा व पतीचा वियोग सुमारें पांच वर्षें टिकला. हल्लींच्या वाचकांस या गोष्टीचा आर्थिक अर्थ चटकन लक्षांत येणार नाहीं. त्या काळीं खेड्यांतील मनुष्याची भाकरी जातीशीं बांधलेली असे. भटजीस दक्षिणा मिळे ती जातीमुळें, आणि महारास बलुतें मिळे तेंहि जातीमुळें. जात सुटली कीं उपजीविकेची दोरी तुटली. मग नवा ख्रिस्ती मनुष्य मिशनकडेच वळे. मिशनच्या शाळेंत मास्तर, मिशनच्या छापखान्यांत कंपॉझिटर किंवा खेड्यांतून फिरणारा उपदेशक होई. सांगलीस प्रेस्बिटेरियन मिशननें मुलांच्या शिक्षणास हातकामाची व शेतीची जोड दिली, तिच्या मुळाशीं ही अडचण होती. मनुष्यास पुस्तक देऊन चालत नाहीं, त्याला स्वतःच्या हातांनीं पोट भरतां आलें पाहिजे, हें त्या मंडळींनीं ओळखिलें होतें.

टिळकहि अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेंत अहमदनगर येथें राहिले. डॉ. ह्यूम यांच्या देखरेखीखालील तेथील ईश्वरविज्ञान-शाळेंत ते शिकवूं लागले. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याआधीं, १९०० सालीं, लक्ष्मीबाईंचाहि बाप्तिस्मा झाला होता. त्यांनीं तो पतीच्या आग्रहानें घेतला नाहीं. नगरास आल्यावर प्रथम त्या सोंवळ्यानें निराळा स्वयंपाक करीत, आणि टिळकांनीं त्यांस तसें करूं दिलें. माणसामाणसांतील भेद देवानें केलेला नाहीं असें त्यांच्या स्वतःच्या मनानें घेतलें तेव्हां त्या पुढें आल्या. दुष्काळांतील पोरक्या मुलांस जवळ घेणें, प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करणें, हें सर्व या दोघांनीं बरोबरीनें केलें.

नगरचें घर म्हणजे धर्मशाळाच होती. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोंवळ्या मुलास 'बालकवि' ही पदवी मिळाली. त्या संमेलनांत टिळकांची व त्याची गांठ पडली, आणि पुढें टिळकांनीं त्यास आपल्या घरीं आणून मुलासारखें वागविलें. त्याला ख्रिस्ती करण्याचा हेतु त्यांत नव्हता. मुलगा कवि होता व गरीब होता, एवढें कारण टिळकांस पुरे झालें. पगार ठरलेला, खाणारीं तोंडें मात्र न ठरलेलीं, असा तो संसार. महिनाअखेरीचा हिशेब लक्ष्मीबाईंनीं कसा जुळविला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांतील मातांस सहज येईल.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. टिळक कवि म्हणून सर्व महाराष्ट्रांत मान्य झाले होते. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे ते संपादक होते. वार्धक्य सुखानें जावें अशी सर्व व्यवस्था दिसत होती. परंतु एक शल्य त्यांस वर्षानुवर्षें टोंचत होतें. आपण आपल्या देशबांधवांपुढें ख्रिस्ताविषयीं बोलतों, तेव्हां ऐकणारा मनांत म्हणत असेल कीं हा परदेशी पैशावर बोलतो. आणि त्याला असें वाटण्यास जागा आहे, हें त्यांस कळत होतें. शिवाय पगार देणारा आणि घेणारा यांच्यांत जें अंतर पडतें, तें मिशनरी व हिंदी ख्रिस्ती यांच्या बंधुभावाच्या आड येतें, असें त्यांचें स्पष्ट मत होतें. कित्येक मिशनरी त्यांचे जिवलग स्नेही होते, आणि तरीहि टिळकांनीं हें मत त्यांच्यापासून चोरून ठेवलें नाहीं. १९१७ सालीं त्यांस एक गाढ आध्यात्मिक अनुभव आला. प्रभूनें आपणांस स्वतंत्र सेवेस बोलाविलें आहे अशी त्यांची खात्री झाली. त्यांनीं मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, आणि पत्नीसह ते साताऱ्यास आले.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं त्यांनीं जें काम आरंभिलें, त्याचें नांव 'देवाचा दरबार'. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे व ज्यांचा झालेला नाहीं, अशा उभयतांनीं ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावें, भजन करावें, देशाची सेवा करावी, अशी त्यांची कल्पना होती. ख्रिस्ती धर्म या देशांत कोटपाटलोण चढवून न येतां आपल्या संतांच्या वाटेनें यावा, ही तळमळ त्यांत होती. या दरबारास निधि नव्हता, कमिटी नव्हती, वर्गणीची यादी नव्हती. जें येईल तें देवाकडून आलें असें समजावयाचें.

इंग्लंडांत ब्रिस्टल येथें जॉर्ज म्युलर यांनीं केवळ प्रार्थनेवर अवलंबून शेंकडों पोरक्या मुलांचीं अनाथगृहें चालविलीं, आणि त्यांच्या चरित्राचा परिणाम होऊन पंडिता रमाबाईंनीं केडगांवास मुक्तिसदनाचा व्याप त्याच भरंवशानें उभा केला, हें पुष्कळांस माहीत आहे. तेथें विश्वासाचें फळ डोळ्यांस दिसतें. इमारती आहेत, विहिरी आहेत, जेवणाच्या पंगती आहेत. साताऱ्यास असें कांहीं दिसलें नाहीं. मंडळी थोडी जमली. काळ तर मोठा कठीण आला. महायुद्धामुळें धान्य व कापड महागलें होतें; १९१८ सालीं पावसानें दगा दिला; आणि त्याच वर्षाच्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाच्या साथीनें मुंबई इलाख्यांत घरेंच्या घरें ओस पाडलीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत बालकवि रेल्वेच्या अपघातांत गेले. पगाराचा दिवस नसलेल्या घरांत वृद्धपणीं असें वर्ष काढणें काय असतें, हें ज्यानें काढलें त्यासच ठाऊक.

येथें एक गोष्ट मोकळेपणीं लिहितों. आमच्या वाचकांत असे कांहीं पालक असतील कीं ज्यांची नोकरी त्यांच्या इच्छेविरुद्ध गेली आहे. कारखाना बंद पडला, किंवा जागा कमी झाल्या, किंवा शेतानें हात दिला नाहीं. त्यांस टिळकांचें उदाहरण सांगून, तुम्हींहि असेच निश्चिंत राहा, असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. आपण होऊन पगार सोडणारा आणि ज्याचा पगार हिरावला गेला तो, यांची स्थिति एक नव्हे. परंतु टिळक या दोन्ही स्थितींतून गेले होते. ऐन तारुण्यांत काम शोधीत ते दारोदार हिंडले, आणि त्या दिवसांत त्यांच्यापाशीं धीर फारसा नव्हता. चिडणें, निघून जाणें, घरच्यांस वाऱ्यावर सोडणें, हेंच पुष्कळ वेळां घडलें. साताऱ्यास आले ते टिळक निराळे होते. खिसा पूर्वीइतकाच रिकामा होता, पण ते कोठें पळून गेले नाहींत. घरांत राहिले, भजन करीत राहिले, 'ज्ञानोदया'चें लिखाण वेळच्या वेळीं पाठवीत राहिले, आणि आलेल्या पाहुण्यास पानावर बसवीत राहिले. विश्वासानें त्यांस श्रीमंत केलें नाहीं. हिशेबी तर मुळींच केलें नाहीं. मात्र दारिद्र्यामुळें माणूस आपल्या माणसांपासून तुटतो, तसे ते या वेळीं तुटले नाहींत. आम्हांस तरी त्यांच्या चरित्रांत हाच फरक सर्वांत मोठा वाटतो.

आणि या घराचा विश्वास एकट्या टिळकांचा नव्हता. त्यांनीं राजीनामा दिला तेव्हां डबे रिकामे पाहण्याची पाळी लक्ष्मीबाईंवर आली. त्यांनीं जन्मभर पतीच्या लहरींशीं भांडण केलें, टोमणे मारले, अश्रु ढाळले, आणि तरीहि साताऱ्यास त्या बरोबर आल्या. टिळकांचें चरित्र लिहिणारे कित्येकदां हें एका ओळींत उरकतात. तें न्यायाचें नाहीं. ज्याला स्वतःस दर्शन झालें त्यानें सर्वस्व सोडणें कठीण खरें. पण दुसऱ्यास झालेल्या दर्शनावर भरंवसा ठेवून रोज चूल पेटविणें अधिक कठीण असावें.

साताऱ्याचा काल दोन वर्षेंहि पुरा भरला नाहीं. टिळकांची प्रकृति ढासळत गेली. औषधोपचारासाठीं त्यांस मुंबईस नेण्यांत आलें, आणि ९ मे १९१९ रोजीं तेथें त्यांचें देहावसान झालें. मागें इस्टेट म्हणण्यासारखें कांहीं नव्हतें. 'देवाचा दरबार' त्यांच्यामागें फार दिवस चालला नाहीं. राहिलीं तीं गीतें. त्या काळच्या मराठी गीतसंग्रहांत सुमारें अडीचशें त्यांचीं होतीं. आणि राहिलें एक अपुरें महाकाव्य, 'ख्रिस्तायन', ज्याचे आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले होते.

वैधव्यांत लक्ष्मीबाईंस पुन्हां पोटाची चिंता लागली. त्यांनीं मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचें काम पत्करलें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, पतीपाशीं घरींच अक्षरओळख झालेल्या या बाईनें मग लेखणी हातीं घेतली. 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, आणि पतीचें काव्य जेथें थांबलें होतें तेथून पुढें ओंवीमागून ओंवी रचीत तें शेवटास नेलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून निघालें तें त्यानंतर, १९३८ सालीं. त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा तो लहान दत्तू, यांनीं तें प्रसिद्ध केलें.