जॉन स्कॉट हाल्डेन

जॉन स्कॉट हाल्डेन (जन्म : मे १८६०, एडिनबरा, मृत्यू : मार्च १९३६, ऑक्सफर्ड) हे स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. खाणीतील विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी सोबत नेण्याची शिफारस त्यांनी केली.

पाणबुड्यांविषयीचे संशोधन

खोल पाण्यात श्वासावाटे आत गेलेला नायट्रोजन शरीरात विरघळतो. पाणबुडा झपाट्याने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन तीव्र सांधेदुखी, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवू शकतो. ब्रिटिश नौदलासाठी हाल्डेन यांनी दाबकक्षात शेळ्यांवर प्रयोग केले. ऊती वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन शोषतात हे ध्यानी घेऊन त्यांनी ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटे अर्धकालाचे पाच गट कल्पिले. एकूण दाब निम्मा होईपर्यंत लवकर वर यावे, पुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावे, असा त्यांचा नियम होता. १९०६ मध्ये स्कॉटलंडजवळ डॅमंट व कॅटो हे नौदलाचे पाणबुडे सुमारे ६४ मीटर खोलीवरून सुखरूप परतले. बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह लिहिलेला निबंध १९०८ मध्ये कोष्टकांसह प्रसिद्ध झाला.

वारसा

निम्म्या दाबाचा नियम पुढे बदलावा लागला. ऊतिगटांची कल्पना मात्र टिकली. आजचे डाइव्ह कॉम्प्युटर खोली व वेळ मोजून हेच गणित सतत करतात. एअर-इंटिग्रेटेड प्रकार टाकीतील दाब वाचून उरलेल्या हवेचाही अंदाज देतो. शरीरातील नायट्रोजन मात्र कोणतेही उपकरण प्रत्यक्ष मोजत नाही. म्हणून त्याच्या आकड्यांपेक्षा अधिक सावधगिरी आवश्यक ठरते.

त्यांचे पुत्र, जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले. १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.