जंगलाचं पोर आणि खोडाचं गणित

कॉलेजच्या आवारातलं एखादं उंच, सरळ झाड डोळ्यांसमोर आणा. आता सांगा, ते न तोडता त्याच्या खोडात किती लाकूड आहे हे कसं काढाल? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! टेप घ्यायची, घेर मोजायचा, घेरावरून व्यास काढायचा, उंचीचा अंदाज घ्यायचा आणि शाळेतलं दंडगोलाचं सूत्र लावून मोकळं व्हायचं.

लावून बघा. छातीच्या उंचीवर व्यास 40 सेंटिमीटर आणि झाडाची उंची 30 मीटर धरा. दंडगोलाच्या सूत्रानं उत्तर येतं सुमारे 3.77 घनमीटर. पण झाड वर निमुळतं होत जातं ना? मग शंकूचं सूत्र लावा. उत्तर एकदम 1.26 वर येतं. एकाच झाडाची ही दोन उत्तरं, आणि दोन्ही चुकीची. खरं लाकूड या दोन्हींच्या मधे कुठंतरी असतं. एका झाडामागे फरक अडीच घनमीटरचा. हजार झाडांचा सौदा असेल तर अडीच हजार घनमीटरचा!

हा गोंधळ ज्या माणसानं पद्धतशीरपणे सोडवायला घेतला, त्याचं नाव हाइनरिश कोट्टा.

30 ऑक्टोबर 1763 रोजी जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, त्सिलबाख गावाजवळच्या वनाधिकाऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. आजूबाजूला ओक आणि बीचची जुनी झाडं. स्वतःला तो जंगलाचं पोरच समजायचा. जंगलाचं काम तो वडिलांच्या हाताखाली शिकला. त्या काळात वनाधिकारी म्हणजे शिकारीत तरबेज, झाडं ओळखणारा, पण हिशेबात जेमतेम. कोट्टाला मात्र गणिताची ओढ होती. विशीत असताना तो येनाच्या विद्यापीठात गेला, शिकला आणि परत जंगलात आला. मग जंगलांची मोजणी करता करता त्याच्याभोवती शिकणारी तरुण मुलं जमायला लागली. पुढे त्याचीच शाळा झाली. भिंतींच्या आत थोडं आणि झाडांखाली जास्त, अशी ती शाळा होती.

आता तुम्ही विचाराल, लाकूड मोजायची एवढी घाई कशाला? तर त्या काळाचा विचार करा. आज आपल्याला गॅस, वीज, सिमेंट, लोखंड जेवढं लागतं, तेवढं सगळं काम तेव्हा लाकूड करायचं. घर लाकडाचं, चूल लाकडावर, खाणीतले टेकू लाकडाचे आणि धातू गाळायला कोळसाही लाकडाचाच. जंगलं विरळ होत चालली होती आणि लाकूड संपेल ही भीती खरी होती. यंदा किती तोडायचं हे ठरवायचं, तर आधी शिल्लक किती आहे ते कळायला हवं. बँकेत किती पैसे आहेत हे माहीत नसताना खर्च करत सुटलं, तर काय होईल? अगदी तसंच. फरक एवढाच की झाडांच्या बँकेत एक हप्ता भरायला ऐंशी-शंभर वर्षं लागतात.

कोट्टाच्या लक्षात आलेली गोष्ट ऐकायला साधी आहे. झाडाच्या खोडातलं लाकूड तीन गोष्टींवर ठरतं: जाडी, उंची आणि आकार. एका झाडाचं घनफळ एकदा नीट मोजलं, की तेवढ्याच जाडीच्या, तेवढ्याच उंचीच्या आणि तशाच आकाराच्या प्रत्येक झाडाला तो आकडा लागू पडतो. म्हणजे काही झाडं पाडायची, त्यांच्या खोडांचे छोटे छोटे तुकडे धरून प्रत्येकाचं माप घ्यायचं, बेरीज करायची आणि त्यावरून एक तक्ता करायचा. पुढे उभ्या झाडाला फक्त टेप लावायची, उंची बघायची आणि तक्त्यात बोट ठेवायचं. 1804 च्या सुमारास त्यानं बीचच्या झाडांसाठी असे तक्ते छापले. आधुनिक घनफळ-तक्त्यांची सुरुवात तिथून धरली जाते.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी टेपनं आणि काठीनं मोजता येतात. खरी गोम आहे तिसरीत, आकारात. खोड म्हणजे एकच एक भौमितिक आकार नसतोच. बुंध्यापाशी ते मुळांकडे पसरतं, तिथं त्याची कड आतल्या बाजूला वळलेली असते. मधला मोठा भाग पॅराबोलॉइडसारखा, म्हणजे हळूहळू बारीक होणारा. शेंड्याकडे मात्र शंकू. आणि यात ठरतं कसं, की कुठला भाग किती? तर झाड जगलं कसं, त्यावरून. दाटीत वाढलेलं झाड उजेडासाठी वर धावतं, खालच्या फांद्या गळून जातात आणि खोड बरंचसं दंडगोलाकडे झुकतं. मोकळ्यावर वाढलेलं झाड वारा अंगावर घेतं, म्हणून बुंध्याशी जाड होतं आणि वर पटकन निमुळतं होतं. रोपवनात विरळणी केली की मागे राहिलेल्या झाडांना जागा मिळते, वारा मिळतो आणि त्यांचा आकार बदलायला लागतो. थोडक्यात, आकार म्हणजे झाडाचा बायोडेटाच म्हणा ना!

1811 मध्ये सॅक्सनीच्या राजानं कोट्टाला बोलावून घेतलं. राज्यातल्या सगळ्या सरकारी जंगलांची मोजणी करायची होती. तो ड्रेस्डेनजवळच्या थाराण्ट गावात आला आणि शाळाही सोबत घेऊन आला. 1816 मध्ये तिला राजेशाही वन अकादमीचा दर्जा मिळाला. आजही थाराण्टला वनशास्त्र शिकवलं जातं, बरं का! मोजणीचं काम वीस वर्षं चाललं. जंगलाचे सरळ रेषांत भाग पाडायचे, प्रत्येक भागात किती लाकूड, दर वर्षी किती वाढतं, कुठल्या साली कुठला भाग तोडायचा आणि तिथं पुन्हा काय लावायचं, हे सगळं कागदावर आलं.

पण कोट्टा नुसता आकडेमोड करणारा नव्हता. वनस्पतींच्या अंगात रस कसा फिरतो यावर त्यानं पुस्तक लिहिलं. कवी गटेला वनस्पतींचं वेड होतं, त्या दोघांची ओळख होती. दगड आणि जीवाश्म गोळा करायचा कोट्टाला नाद होता, त्याचा एक मुलगा पुढे नावाजलेला भूगर्भशास्त्रज्ञ झाला. आणि 1817 मध्ये आलेल्या वनलागवडीवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं आपल्याच शास्त्राचा अहंकार उतरवला. त्याचं म्हणणं असं, की पूर्वी वनशास्त्र नव्हतं, पण लाकूड भरपूर होतं. आता शास्त्र आहे, पण लाकूड नाही. माणसं निघून गेली तर जंगल आपलं आपण उभं राहील. झाडाला वाढायला इतका काळ लागतो, की लावणाऱ्याला निकाल बघायला मिळत नाही. आणि एका मातीत खरं ठरलेलं दुसऱ्या मातीत खोटं ठरू शकतं. ज्यानं तक्ते बनवले, त्यालाच तक्त्यांच्या मर्यादा सगळ्यांत जास्त माहीत होत्या.

25 ऑक्टोबर 1844 रोजी, 81 वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, तो गेला. थाराण्टच्या जंगलात त्याची कबर आहे. 80 व्या वाढदिवसाला त्याच्यासाठी लावलेले 80 ओक तिच्याभोवती आहेत.

पुढे काय झालं? मोजायला, तोडायला, विकायला सोपं काय, तर एका वयाची, एका जातीची, सरळसोट झाडं. स्प्रूस त्यात एकदम फिट्ट. 19 व्या शतकात सॅक्सनीत स्प्रूसच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या आणि यात थाराण्टच्या शाळेचाही वाटा होता. तक्ता जंगलासारखा करायचा सोडून लोकांनी जंगलच तक्त्यासारखं केलं. नफा भरपूर झाला. पण 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मध्य युरोपातली स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळवून टाकली. एकसारख्या झाडांचं दुखणंही एकसारखंच असतं.

ही मोजायची जर्मन शिस्त आपल्याकडेही आली. 1864 मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डिट्रिश ब्रँडिस जर्मनच होते. आज आपल्या वनखात्यात सागाचा घेर 1.37 मीटर उंचीवर मोजतात आणि घनफळ तक्त्यावरून काढतात. आता संगणकाची सूत्रं आलीत, लेझरनं खोडाचं त्रिमितीय चित्र मिळतं. प्रश्न मात्र कोट्टाचाच आहे: हे झाड ज्या झाडांवरून तक्ता बनला, तसंच आहे का?

कधी गडचिरोली-चंद्रपूरकडे गेलात, तर सागाच्या रोपवनात थोडं थांबा. कडेचं एक झाड बघा, वाऱ्यातलं. मग चार रांगा आत जाऊन दाटीतलं बघा. दोघांचा घेर सारखा निघाला, उंचीही सारखी निघाली, तर साधा तक्ता दोघांना एकच आकडा देईल. तुम्ही मात्र मान वर करून खोडाकडे नीट बघा, आणि मग ठरवा की तो आकडा कुणाच्या बाबतीत खरा आहे.