चार्ल्स टेट रेगन

चार्ल्स टेट रेगन (१ फेब्रुवारी १८७८ – १२ जानेवारी १९४३) हे ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे संचालक होते. घरगुती मत्स्यालयांत पाळल्या जाणाऱ्या दक्षिण अमेरिकेतील अनेक बुटक्या सिक्लिड माशांची शास्त्रीय नावे त्यांनी दिलेली आहेत. सर्वपरिचित फायटर माशाचे बेटा स्प्लेंडेन्स हे नावही त्यांचेच (१९१०).

जीवन

रेगन यांचा जन्म इंग्लंडमधील शेरबोर्न येथे झाला. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजमध्ये शिक्षण घेतल्यानंतर १९०१ मध्ये ते म्युझियमच्या सेवेत रुजू झाले. १९१७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली. १९२७ ते १९३८ या काळात ते संचालकपदी होते.

बुटक्या सिक्लिडांचे वर्गीकरण

१९०५-०६ मध्ये रेगन यांनी दक्षिण अमेरिकेतील सिक्लिड माशांचे नव्याने वर्गीकरण केले. १९०५ मध्ये त्यांनी नॅनाकारा ही प्रजाती स्थापन केली. १९०६ मध्ये दुसऱ्या एका प्रजातीला त्यांनी हेटेरोग्रामा हे नाव दिले. परंतु ते १८५४ मध्येच पतंगांच्या एका प्रजातीला दिले गेले होते. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. म्हणून १९१३ मध्ये रेगन यांनी स्वतःच आपले नाव बदलून ॲपिस्टोग्रामा असे केले. हे नाव माशाच्या अंगावरील अनियमित पार्श्वरेषेवरून घेतले आहे.

ओळखीचा प्रश्न

रेगन यांच्यासमोर मद्यार्कात जतन केलेले नमुने असत. अशा नमुन्यांतील तांबडे व पिवळे रंग नाहीसे होतात, काळे पट्टे व ठिपके मात्र टिकतात. त्यामुळे परांमधील काटे, खवल्यांच्या रांगा व शरीराची प्रमाणे मोजून ते जाती ठरवीत. याउलट मासे पाळणारे जिवंत रंगांवर विसंबतात, आणि या माशांत नर व मादी यांचे रंग व आकार वेगवेगळे असतात. यातून घोटाळे झाले. रेगन यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेल्या ॲपिस्टोग्रामा स्टाइन्डाखनेरी या जातीला पुढे इतर अभ्यासकांनी ऑर्नाटिपिनिस व विकलेरी अशी आणखी दोन नावे दिली. नियमानुसार रेगन यांचेच नाव टिकले.

इतर कार्य

खोल समुद्रातील अँग्लर माशाच्या मादीला चिकटलेला लहानसा मासा हे तिचे पिल्लू नसून त्याच जातीचा नर आहे, हे रेगन यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले. एथेल्विन ट्रेवावस या त्यांच्या साहाय्यक होत्या. आफ्रिकेतील सिक्लिडांचा अभ्यास त्यांनी पुढे नेला.