वाळवंटातील झिरा
डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे चरित्र

डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे नाव आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांच्या कानी आले असेल. त्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी एका गरीब परंतु देवभीरू कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी ते सुताच्या गिरणीत कामास लागले. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवावे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचावे, असा त्यांचा क्रम असे. पुढे वैद्यकी शिकून ते लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने १८४१ साली दक्षिण आफ्रिकेत उतरले.

१८४७ साली त्यांनी कोलोबेंग नदीच्या काठी बिऱ्हाड केले. हा प्रदेश आज बोत्स्वाना देशात मोडतो. तेथील बक्वेना लोकांचा राजा सेचेले याने १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. हा राजा पूर्वी मंत्रतंत्राने पाऊस पाडणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्याने ते काम सोडले आणि नेमका त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. नदी आटली, पिके करपली. नव्या धर्मामुळेच आकाश कोरडे पडले, असे लोक म्हणू लागले. आपल्या गावी एखाद्या कुटुंबाने प्रभूचा स्वीकार केला आणि त्याच वर्षी घरात आजार शिरला, म्हणजे शेजारीपाजारी काय बोलतात हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांस सेचेलेची परीक्षा समजेल. पुढे तो एकदा पापात पडला व त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवावे लागले. तरी त्याने सुवार्ता सांगणे सोडले नाही.

कोलोबेंगच्या उत्तरेस कलाहारीचे वाळवंट पसरले आहे. वाळवंट म्हटले की आपल्यापुढे ओसाड वाळूचे चित्र उभे राहते. पण कलाहारी तशी नाही. स्वच्छ उन्हात दृष्टी पोहोचेल तेथवर पिवळे गवत आणि काटेरी झुडपे दिसतात. जमिनीखाली रसाळ कंद वाढतात. चांगल्या पावसाच्या वर्षी रानटी कलिंगडांनी भूमी झाकून जाते, आणि माणसे, हत्ती व हरणे त्यांवर तहान भागवितात. एलंड नावाचे बैलाएवढे हरीण तर कित्येक दिवस पाण्यावाचून राहते. शहामृग आणि सिंहही तेथे आहेत. नाही ते केवळ वाहते पाणी.

१ जून १८४९ रोजी लिव्हिंगस्टन हे वाळवंट ओलांडावयास निघाले. त्यांच्याबरोबर मद्रास इलाख्यात कंपनीची नोकरी केलेले ऑसवेल आणि मरे हे दोन गृहस्थ होते. बैलगाड्यांची चाके वाळूत रुतत. सेरोटली नावाच्या जागी पोहोचले तेव्हा तेथे वाळूचे खळगे दिसले. सर्वांनी फावड्यांनी व हातांनी वाळू उपसली. तळाशी एक कठीण थर लागला. तो थर फोडू नये, फोडल्यास पाणी कायमचे जाईल, अशी विनवणी वाटाड्यांनी केली. पाहुण्यांनी ती ऐकली. हळूहळू बाजूंनी पाणी झिरपू लागले.

कर्जत-खालापूरच्या भगिनींस हे काम नवे नाही. भिवपुरी व खोपोलीच्या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्याने उल्हास आणि पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहत असतात; पण डोंगरावरील वाड्यांतून वैशाखात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो, हे आपण जाणतो.

पुढे वाटाड्याही गोंधळला. तेव्हा झुडपांतून कोणी पळताना दिसले. सिंह असावा असे वाटून ऑसवेल यांनी घोडा फेकला. पाहतात तो ती एक सान बाई! आपणास पकडले असे समजून तिने जवळचे सर्व पुढे केले. आम्हांस केवळ पाणी हवे, असे सांगताच ती झपाझप पुढे चालू लागली आणि सुमारे आठ मैलांवरील झऱ्यापाशी तिने सर्वांस नेले. १ ऑगस्ट रोजी ते न्गामी सरोवरास पोहोचले. या शोधाने लिव्हिंगस्टन यांची कीर्ती झाली. त्या बाईचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

सत्य सांगणे हे चरित्रकाराचे कर्तव्य आहे. पुढील दोन वर्षांत लिव्हिंगस्टन पत्नी मेरी व लहान लेकरांसह पुन्हा त्याच वाटेने गेले. १८५० साली लेकरांस ताप आला. परतल्यावर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच वारली. १८५१ साली पाणी संपून लेकरे तहानेने व्याकूळ झाली. त्यांच्या उत्साहाची किंमत घरच्यांनी भरली. जे उपदेशक सेवेच्या नादात घराकडे पाहत नाहीत, त्यांनी याचा विचार करावा.

१८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईस आले. नाशिकजवळच्या शरणपूर येथे, गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मिशनच्या आश्रयास शिकत होती. त्यांतील नऊ तरुण अखेरच्या प्रवासासाठी त्यांच्याबरोबर निघाले. काही वाटेत सोडून गेले, काही टिकले. १८७२ साली शरणपूरचेच जेकब वेनराइट व आणखी काही जण त्यांस मिळाले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबिया देशातील चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रेतविधीची प्रार्थना वाचली व झाडावर नाव कोरले. मग सुसी व मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकलेला चुमा यांच्या पुढारपणाखाली सर्वांनी तो देह सुमारे नऊ महिने वाहून समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला, तेव्हा जेकब तेथे उपस्थित होता.

बंधूंनो, एका थोर पुरुषास पाणी दाखविले ते एका निनावी बाईने, आणि अखेरीस खांद्यावर वाहिले ते कधीकाळी गुलाम असलेल्यांनी. आपण खेड्यातील लहान मंडळ्या आहोत, आपली नावे कोठे लिहिली जात नाहीत, म्हणून खिन्न होऊ नये. अरण्यात हागारेस विहीर दाखविणारा देव प्रत्येक झिरा आणि तो खणणारा प्रत्येक हात ओळखतो.