पुन्हा उभे राहण्याची शाळा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की चौफुला लागतो. तिथून उजवीकडचा रस्ता सुप्यावरून बारामतीला जातो, सरळ गेले की इंदापूर येते आणि डाव्या हाताला थोड्याच अंतरावर केडगाव आहे. आज या भागात उसाची शिवारे दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा सगळा पट्टा अवर्षणाचा. केडगावचा परिसर त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडे आणि तालुक्याचे ठाणे बारामतीला होते. १८७६-७७ च्या दुष्काळाने बारामती-इंदापूरच्या गावांची दैना केली, माणसे गुरेढोरे घेऊन परागंदा झाली. नीरेचा डावा कालवा आला तो त्यानंतर. अशा या कोरड्या मुलखात एका बाईने शेकडो मोडलेली आयुष्ये पुन्हा उभी केली. तिचे नाव पंडिता रमाबाई.

आयुष्यात मोठे वळण आले की माणूस आतून हलतो. नवऱ्याचा मृत्यू, घर सुटणे, गाव सुटणे, आजारपण, म्हातारपण. आज अशा वेळी समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला मिळतो आणि चांगला समुपदेशक केवळ मनाची विचारपूस करून थांबत नाही. झोप, जेवण, कामधंदा, नातीगोती, श्रद्धा अशा सगळ्या अंगांनी तो माणसाकडे पाहतो. रमाबाईंच्या काळी ही विद्या जन्मालाच येत होती. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी मनोविश्लेषण हा शब्द प्रथम छापील लेखात वापरला तो १८९६ साली. त्याच वर्षी आपल्याकडे दुष्काळाला तोंड लागले आणि रमाबाई अनाथ मुलींना आधार द्यायला निघाल्या. त्यांच्याजवळ मानसशास्त्राची पदवी नव्हती. होता तो स्वतःच्या आयुष्याचा अनुभव, आणि तो फार महाग पडलेला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. बायकांनीही संस्कृत शिकावे या मताचे ते होते आणि पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले. भाऊबंदांचा आणि समाजाचा रोष पत्करून ते रानात आश्रम बांधून राहिले. पुढे तेही सुटले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली आणण्यात आले. त्यानंतरचे त्यांचे सारे बालपण तीर्थयात्रेत गेले. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. आईकडून ऐकता ऐकताच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला. पुराण ऐकायला लोक येईनात आणि घरात दाणा उरला नाही. हे कुटुंब विद्वान होते, पण मोलमजुरी त्यांना येत नव्हती आणि भीक मागायला मन धजत नव्हते. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ साली आधी वडील गेले, थोड्याच दिवसांनी आई गेली, पाठोपाठ मोठी बहीण गेली. उरले श्रीनिवास आणि रमा हे भाऊबहीण. इतकी विद्या पदरी असून पोटापुरते काम हाताला येत नव्हते, ही बोच रमाबाईंच्या मनात कायमची रुतली. केडगावी पुढे जे घडले त्याचे मूळ या बोचणीत आहे.

भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण कौतुकाचे दिवस टिकले नाहीत. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी आणि लग्न नोंदणी पद्धतीचे, म्हणजे दोन्हीकडची दारे बंद. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि पुढच्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारी गेले. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची पोर, आणि माहेर-सासर म्हणावे असे काही नाही.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बायकाच शिक्षक आणि डॉक्टर हव्यात, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याची इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्राला तो धक्का होता, आणि पुढे त्याची किंमत त्यांच्या कामाला मोजावी लागली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिथे राहिल्या. बालोद्यान शिक्षणाची पद्धत त्यांनी समजून घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन देणारी मंडळी बोस्टनला उभी राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. याच गोदूबाईंशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. सदनात बाईला नुसते अक्षर शिकवत नसत. आपण अपशकुनी नाही, आपल्यालाही नीट कपडे घालता येतात, हसता येते, पोटभर जेवता येते, हे तिला हळूहळू पटत जाई. वैधव्यात कोपऱ्यात बसवलेल्या मुलीला हे पटणे किती कठीण असेल, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज यायची नाही.

पण याच घरात वादही पेटला. रमाबाई धर्मशिक्षण देत नसत, मात्र त्यांची स्वतःची प्रार्थना बंद दाराआड नसे. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या, काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे मन समजून घेण्यासारखे आहे. ज्या श्रद्धेने आपल्याला तारले ती आपण का लपवावी, हा रमाबाईंचा प्रश्न. दुःखाने खचलेली मुलगी आश्रयदात्याच्या श्रद्धेला नाही तरी कशी म्हणणार, हा समाजाचा प्रश्न. दुसऱ्याला आधार देणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच आजही उभा राहतो.

रमाबाई खचल्या नाहीत. अमेरिकेची मदत दहा वर्षांत संपणार म्हणून त्यांनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आईबाप गमावलेल्या, हाडांची काडे झालेल्या मुली पाहताच त्यांना स्वतःचे १८७४ साल आठवले असणार. तीनशेच्या आसपास मुली-बायकांना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी झाली. १९०० साली गुजरातेतला दुष्काळ पडला आणि तिथली संख्या दीड हजारापर्यंत गेली.

इतक्या मुलींना सावरायचे कसे? आधी अन्न, औषध आणि अंघोळ. मग एकेका बाईच्या हाताखाली काही मुली सोपवायच्या, म्हणजे पोरक्या मुलीला हक्काचे माणूस मिळे आणि त्या बाईलाही कुणाची तरी आई होता येई. सकाळी शाळा आणि नंतर काम. माग होते, तेलघाणा होता, गोठा, शेती, शिवणकाम होते. छापखाना होता, तिथे खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळे बायका करत. पाऊल घसरलेली म्हणून घरच्यांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, वृद्ध आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. कुणाचे दुःख कुठल्या जातीचे आहे, हे पाहून तिथे आधार मिळत नव्हता. जिने सगळे गमावले तिला सांत्वनाच्या चार शब्दांबरोबर भाकरी, अक्षर, हाताला काम आणि शेजारी माणूस लागते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. सामान्य बाईला वाचता यावे हाच त्यामागचा हेतू होता. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. सगळे काम पुढे मनोरमा सांभाळील असा भरवसा होता, पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. आयुष्यभर दुसऱ्यांना अशा वळणावरून पुढे नेणाऱ्या बाईवर अखेरचे वळण हे असे यावे!

त्यांनी केले ते एवढेच, की उरलेले काम पुढे चालू ठेवले. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. ते बायबल पुढे त्यांच्याच छापखान्यात, त्यांनीच शिकवलेल्या बायकांच्या हातून पूर्ण छापून निघाले.

बारामती-इंदापूरकडे जाताना चौफुल्याला आपण चहाला थांबतो. पुढच्या खेपेला थांबलात तर डावीकडच्या त्या रस्त्याकडे जरा पाहा. दुष्काळात बाप गेलेली, नाव-गाव विसरलेली कितीतरी लेकरे त्या वाटेने एके काळी आली, आणि त्यांतल्या अनेक जणी पुढे दुसऱ्यांना शिकवणाऱ्या झाल्या.