लुई दागेर आणि चांदीचा पत्रा

आज मी तुम्हाला लुई दागेर यांची माहिती सांगणार आहे. माणसाचा चेहरा यंत्राने उतरवून घेण्याची रीत त्यांनी जगापुढे आणली.

दागेर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १७८७ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या एका गावी झाला. ते नाटकाचे पडदे रंगवायचे. १८२२ साली त्यांनी पॅरिसमध्ये डायोरामा सुरू केला. भलेमोठे रंगवलेले पडदे, त्यांवर पुढून-मागून उजेड सोडायचा, की दिवसाची रात्र झाल्यासारखी वाटे. लोक तिकीट काढून बघायला येत.

उजेडाकडूनच चित्र काढून घेता येईल का, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. निएप्स नावाचे गृहस्थही याच नादात होते. १८२९ साली दोघांनी भागीदारी केली. १८३३ साली निएप्स वारले, पण दागेर यांनी काम सोडलं नाही.

त्यांची रीत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर असे. तो घासून आरशासारखा करायचा. त्याला आयोडीनची वाफ द्यायची आणि कॅमेऱ्यात ठेवून उजेड दाखवायचा. मग पाऱ्याची वाफ दिली की लपलेलं चित्र वर येई. पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून आपण हे करून बघायचं नाही.

१८३९ हे साल त्यांना फार मोठं गेलं. ७ जानेवारीला हा शोध जाहीर झाला. मार्चमध्ये डायोरामा आगीत जळून खाक झाला. मग सरकारने त्यांना वर्षाला ६,००० फ्रँक आणि निएप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक पेन्शन दिलं. १९ ऑगस्टला ही रीत सर्वांसाठी खुली झाली. इंग्लंडात मात्र तिचं पेटंट घेतलेलं होतं.

पुढची गंमत कारखान्यांची आहे. पत्रे, भिंगं, पेट्या एकट्याने किती करणार? अमेरिकेत वॉटरबरी गावी पितळेची बटणं करणारा स्कोव्हिल कारखाना असे चांदीचे पत्रे बनवू लागला. १८४० साली पेट्झव्हाल यांनी नवं भिंग तयार केलं, त्यातून खूप जास्त उजेड आत येई. आधी माणसाला कित्येक मिनिटं बसावं लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत! नवं भिंग आणि नवी रसायनं आल्यावर काम एका मिनिटाच्या आत होऊ लागलं. पूर्वी चित्रकाराकडून तसबीर काढून घेणं श्रीमंतांनाच परवडे. आता दुकानदार, शिपाई, कामगारही आपला चेहरा घरी नेऊ लागले. मात्र एका पत्र्यावर एकच चित्र निघे, त्याच्या प्रती निघत नसत.

१० जुलै १८५१ रोजी दागेर वारले. त्याच वर्षी काचेवर फोटो घेण्याची नवी रीत आली आणि चांदीचा पत्रा हळूहळू मागे पडला.

माझ्या पणजीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची, हे फक्त आजीला माहीत आहे. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नाव आणि साल लिहून ठेवा. चेहरा राहिला आणि नाव गेलं, तर आम्ही मुलांनी कोणाला ओळखायचं?

— इयत्ता ७ वी